कादंबरीचा तास वाचवा!

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात आज कादंबरी नेमली जाते, शिकवली जाते, तिच्यावर उत्तरं लिहिली जातात. फक्त ती वाचली जात नाही. कथानक, प्रमुख पात्रं, गौण पात्रं, कादंबरीची वैशिष्ट्यं, लेखकाचा परिचय आणि शेवटी पाच संभाव्य प्रश्न एवढ्यात एक कादंबरी उरकते. कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे या ऐवजाचा गठ्ठा वर्षानुवर्षं तयार असतो. आता तर दारापर्यंतही जावं लागत नाही. मोबाईलला विचारलं की तीनशे पानांची कादंबरी अर्ध्या मिनिटात दीड पान होऊन समोर येते.

परीक्षाही याला साजेशीच. प्राध्यापक होण्यासाठी द्यावी लागणारी नेट परीक्षा 2012 पासून पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली आहे. 'कोसला' 1963 सालची, 'धग' 1960 ची, 'बनगरवाडी' 1955 ची, एवढं पाठ असलं की त्या प्रश्नांचे गुण पदरात पडतात. ही सालं ठाऊक असायलाच हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर स्वतःची गोष्ट त्या विशिष्ट सुरात का सांगतो, मध्येच रोजनिशीच्या नोंदी का येतात, इतिहाससंशोधनाची थट्टा कशासाठी येते, हे विचारणारी जागा त्या परीक्षेत नाही. आणि जे परीक्षेत नाही ते वर्गातून हद्दपार व्हायला वेळ लागत नाही.

हे आवाहन त्या हद्दपार होत चाललेल्या तासासाठी आहे. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच कादंबरीचं एकच पान उघडून बसतात आणि काही साधे प्रश्न विचारतात, तो तास. इथे कोण बोलतंय? कुणाच्या डोळ्यांनी आपण पाहतोय? आपल्याला काय सांगितलं, काय दडवलं? ही गोष्ट आत्ताच का सांगितली, आधी का नाही? ही माणसं कुठल्या भाषेत बोलतात आणि ती भाषा लेखकाने कुठून आणली? कादंबरी काय सांगते ते सारांशात कळतं. ती कसं सांगते ते मात्र या तासाशिवाय कळत नाही. पदव्युत्तर शिक्षण या दुसऱ्या गोष्टीसाठीच असतं.

नुसत्या हळहळीने कुणाचं मन वळत नाही. म्हणून या तासात नेमकं काय घडतं ते एका उदाहरणाने दाखवतो. त्यासाठी वाचकांना कोलकात्याच्या गार्डन रीचला न्यायचं आहे.

गार्डन रीच म्हणजे शहराच्या नैर्ऋत्येला, हुगळी नदीच्या वळणावरचा किनारा. विदर्भातल्या वाचकांना हे नाव नवीन वाटणार नाही. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचं आणि 1955 पासून दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय इथलंच. 2003 मध्ये बिलासपूरला नवा विभाग होईपर्यंत या रेल्वेच्या नागपूर मंडळाचा वरिष्ठ कारभार गार्डन रीचहून चालत होता. मराठी गद्याचा या नदीशी संबंध तर त्याहून जुना. याच हुगळीच्या काठी वर श्रीरामपूरला विल्यम केरीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये मोडी टाइपातला मराठी-इंग्रजी कोश. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवत असे आणि वैजनाथ पंडित त्याच्या हाताशी होते. तेव्हा 'गार्डन रीचशी मराठीच्या वर्गाचं काय देणंघेणं' असं कुणी विचारलं, तर आपल्या छापील गद्याची पहिली पावलं याच पाण्याच्या काठावर पडली, एवढं सांगून पुढे जाऊ या.

अमिताव घोष यांची 'सी ऑफ पॉपीज' ही कादंबरी 2008 साली आली. त्याच वर्षी ती बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. पुढे 'रिव्हर ऑफ स्मोक' आणि 'फ्लड ऑफ फायर' मिळून तिची त्रयी झाली. काळ 1838 चा. आयबिस नावाचं जहाज पूर्वी गुलामांची वाहतूक करायचं. ते आता कोलकात्याहून गिरमिटिया मजूर आणि काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी घेऊन मॉरिशसला निघतं. जहाजाचा मालक बेंजामिन बर्नहॅम अफूचा व्यापारी आहे. त्याचा 'बेथेल' नावाचा बंगला गार्डन रीचला आहे. सारांश इथे संपतो. तास इथून सुरू होतो.

पहिला प्रश्न: हा बंगला गार्डन रीचलाच का?

विद्यार्थ्यांना नकाशा काढायला सांगा. समुद्राकडून हुगळीतून वर येणाऱ्या जहाजाला कोलकाता दिसण्याआधी गार्डन रीच लागायचं. कंपनीच्या साहेबांचे, न्यायाधीशांचे, सौदागरांचे बागबगिचे असलेले बंगले त्या काठावर ओळीने उभे होते. म्हणजे बर्नहॅमचं घर शहरात येणाऱ्याला आधी दिसणार आणि जाणाऱ्याला शेवटी. त्याच्या खिडकीतून त्याचा माल आणि त्याची माणसं पाण्यावरून जाताना दिसणार. आता नकाशात नदीच्या पलीकडचा काठ पाहा. तिथे 1787 साली रॉबर्ट किडने उभारलेलं बोटॅनिकल गार्डन आहे. कादंबरीतली पॉलेट ही फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची मुलगी. ती त्या बागेत वाढली. बंगाली बोलत, साडी नेसत, नावाड्याच्या मुलाबरोबर म्हणजे जोदूबरोबर खेळत. बाप गेल्यावर ती बर्नहॅमच्या आश्रयाला बेथेलमध्ये येते. तिथे साडी बंद, बंगाली बंद. अंगावर तंग कपडे आणि समोर धर्मशिक्षण. मधे फक्त नदी. मुलीच्या आयुष्याचे दोन भाग लेखकाने दोन काठांवर ठेवले आहेत, आणि ती पळ काढते तेव्हा या काठावरही राहत नाही, त्या काठावरही परतत नाही. थेट जहाजावर चढते. आता कादंबरीच्या तीन भागांची नावं पाहा: जमीन, नदी, समुद्र. ज्या विद्यार्थ्याने नकाशा काढला, त्याला 'कादंबरीतील अवकाश' या प्रश्नाचं उत्तर पाठ करावं लागत नाही. ते त्याच्या बोटाखाली असतं.

दुसरा प्रश्न: आपण कुणाच्या डोक्यात बसलो आहोत?

निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण ते एका जागी बसत नाही. गाझीपूरजवळच्या खेड्यातली दीती, बाल्टिमोरचा खलाशी झॅकरी, रासखालीचा जमीनदार नील, पॉलेट, जोदू, बर्नहॅमचा गुमास्ता बाबू नोब किसिन या सगळ्यांच्या मनात ते आळीपाळीने शिरतं. त्यामुळे वाचकाला जे ठाऊक असतं ते पात्रांना नसतं. झॅकरीची आई गुलामगिरीतून सुटलेली मिश्रवंशीय बाई. जहाजावरच्या गोऱ्यांना झॅकरी गोरा वाटतो. पण मूळच्या खलाशांच्या यादीत त्याच्या नावापुढे 'काळा' अशी नोंद आहे. ती यादी पडते नोब किसिनच्या हातात. हा माणूस वैष्णव. गुरुमाता आपल्या देहात उतरत आहे असं मानणारा, कृष्णाच्या खुणा शोधणारा. अमेरिकेतल्या कुणा कारकुनाने वंशाच्या रकान्यात लिहिलेली नोंद त्याला साक्षात सावळ्याची खूण वाटते. नोंद एक, वाचणारे दोन. तिच्यामुळे झॅकरीचं सगळं भवितव्य धोक्यात येऊ शकतं, आणि तिच्यामुळेच एक माणूस त्याच्यापुढे हात जोडतो. दृष्टिकोन या तंत्रावर दहा पानं टिपणं काढण्यापेक्षा हा एक प्रसंग वर्गात वाचा. निवेदकाने जागा बदलली की वस्तुस्थितीच बदलते, हे विद्यार्थी जन्मात विसरणार नाही.

तिसरा प्रश्न: ही माणसं बोलतात कशी?

इथे कादंबरी खरी मजा आणते, आणि इथेच सारांश पार हात टेकतो. हुगळीतला वाटाड्या डाउटी हिंदुस्थानी शब्द इंग्रजीत कोंबून बोलतो. मिसेस बर्नहॅमच्या इंग्रजीत बबर्चीखाना आणि दिवाणखाना एकमेकांत मिसळतात. पॉलेटचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं. इंग्रजी तत्त्वज्ञान वाचलेला नील शुद्ध, पल्लेदार इंग्रजी बोलतो, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना तेच खुपतं. दीतीची भोजपुरी आहे. जहाजावर सगळ्यांच्या वर लस्करी आहे, म्हणजे अरबी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी, बंगाली, मलय अशा अनेक भाषांची खलाशांनी केलेली सरमिसळ. ही बोली लेखकाच्या कल्पनेतून उतरलेली नाही. थॉमस रोबक या फोर्ट विल्यम कॉलेजशी संबंधित अधिकाऱ्याने 1811 मध्ये कोलकात्यात जहाजी शब्दांचा इंग्रजी-हिंदुस्थानी कोश छापला होता. घोष यांनी तो खणून काढला, त्यातली भाषा पुन्हा बोलती केली आणि त्यावर स्वतंत्र निबंधही लिहिला. शब्दार्थांची सरळ यादी मात्र पुस्तकाच्या शेवटी दिली नाही. वाचकाने आयबिसवर चढलेल्या मजुरासारखं निम्मं समजत, निम्मं अंदाजाने ओळखत पुढे जावं, अशी ती योजना आहे. गोंधळणं हा इथे वाचनाचाच भाग आहे.

यावर मराठीच्या वर्गासाठी एक गृहपाठ सुचवतो. मिसेस बर्नहॅमचा एक परिच्छेद मराठीत आणा. कुठल्या मराठीत आणाल? ब्रिटिशकालीन पुण्याच्या कॅम्पातल्या मराठीत, मुंबईच्या बाजारातल्या मराठीत, की बडोद्याच्या दरबारी मराठीत? प्रत्येक निवडीबरोबर बाईची पत बदलेल, विनोद बदलेल, लेखकाची भूमिका बदलेल. भाषेचे थर हे कादंबरीचं तंत्र असतं, हे सांगून पटत नाही. असा परिच्छेद हाताने उलथवला की पटतं.

चौथा प्रश्न: नावं का बदलतात?

सासरच्या गावात दीतीला कुणी नावाने हाक मारत नाही. ती 'कबूतरीची माय'. नवऱ्याच्या चितेवरून कलुआ नावाचा माणूस तिला ओढून काढतो, दोघं पळतात, आणि मजुरांच्या नोंदीच्या वेळी ती स्वतःचं नाव सांगते: अदिती. कलुआही दुसऱ्या नावाने नोंदला जातो. पॉलेटला जोदू पुतली म्हणतो आणि जहाजावर ती पगली होते. नील राजाचा कैदी होतो. कादंबरीत जो जो जमीन सोडतो, त्याचं नाव मागे राहतं किंवा मोडतं. एका बाजूला ही लूट आहे, कारण वसाहतीच्या वहीत माणूस म्हणजे एक नोंद. दुसऱ्या बाजूला दीतीपुरती ही सुटका आहे. तंत्राची परीक्षा अशीच घ्यायची असते. एकच युक्ती दोन पात्रांच्या बाबतीत उलटसुलट काम करत असेल, तर लेखक कारागीर आहे.

पाचवा प्रश्न: काळाची उलटापालट कशासाठी?

दीती अजून गंगेकाठी आहे, समुद्र तिने पाहिलेला नाही, तोवरच निवेदक तिने पुढे मॉरिशसमध्ये मांडलेल्या देवघराबद्दल, तिथल्या चित्रांबद्दल, तिच्या वंशजांबद्दल बोलू लागतो. ती जगणार हे आपल्याला आधीच कळतं. मग उत्कंठा कशाची? कशी जगली याची. 'पुढे काय होणार' हा प्रश्न काढून घेऊन लेखक 'हे कसं निभावलं' हा प्रश्न वाचकाच्या हातात ठेवतो. आणि एवढं भविष्य सांगणारी कादंबरी संपते मात्र भर समुद्रात, वादळात, अर्ध्यावर. पूर्वसूचन आणि अपुरा शेवट यांचा हा मेळ तपासायला एक अख्खा तास कमी पडेल.

शेवटी उपरोध. बर्नहॅम धर्मनिष्ठ आहे. मुक्त व्यापार त्याला ईश्वरी कार्य वाटतं, आणि तो व्यापार अफूचा आहे. त्याच्या बंगल्याचं नाव बायबलमधून आलेलं, अर्थ देवाचं घर. नीलवर बनावट सहीचा खटला चालतो. निकाल देणारा न्यायमूर्ती केंडलबुश बर्नहॅमच्याच बैठकीतला, आणि पॉलेटशी लग्न करू पाहणारा. लेखक कुठेही 'पाहा, किती ढोंग!' असं ओरडत नाही. तो फक्त माणसं एकाच मेजाभोवती बसवतो.

एवढं पाहिलं की विद्यार्थी कादंबरीबाहेरचं गार्डन रीचही वेगळ्या नजरेने पाहू लागतो. 1856 मध्ये अवधचं राज्य गेलेला वाजिद अली शाह याच किनाऱ्यावर आला. मटियाबुर्जला त्याने लखनौची धाकटी आवृत्ती वसवली आणि 1887 मध्ये तिथेच तो वारला. लखनौच्या तहजीबीवर 'गुजिश्ता लखनऊ' लिहिणाऱ्या अब्दुल हलीम शरर यांचं बालपण याच मटियाबुर्जात गेलं. पुढे गोदी आली, जहाज कारखाना आला. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका 'अजय' 1961 मध्ये गार्डन रीचच्या कारखान्यातूनच बाहेर पडली. आज मटियाबुर्जच्या गल्ल्यांत ओस्तागरांची, म्हणजे कपडे शिवणाऱ्यांची, शिलाई यंत्रं चालतात. जिथून गिरमिटिया चढवले जात त्या सुरिनाम घाटाजवळ 2015 मध्ये त्यांचं 'माई-बाप' स्मारक उभं राहिलं. एकाच काठावर साहेब, नवाब, मजूर, खलाशी, शिंपी अशा सगळ्यांची निवेदनं आहेत. त्यातलं कुठलं ऐकू येतं आणि कुठलं दबलं, हे कादंबरी वाचायला शिकलेल्या माणसाला चटकन दिसतं. मॉरिशसला नेलेल्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आजही मराठी शिकवली जाते. त्या घराण्यांची कहाणी कुणी मराठीत लिहायला घेतली, तर दृष्टिकोन, भाषा, काळ यांच्या याच अडचणी त्याच्यासमोर येतील.

कुणी म्हणेल, इंग्रजी कादंबरी घेऊन मराठीचा तास कसला वाचवता? हेच प्रश्न घेऊन आपल्या कपाटाकडे वळा. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून क्रमशः आली. तीत यमू स्वतः बोलते आणि लिहिणारा पुरुष आहे. त्या आवाजात कुठे हरिभाऊ ऐकू येतात आणि कुठे यमू? मर्ढेकरांनी 1942 मध्ये 'रात्रीचा दिवस'मध्ये संज्ञाप्रवाह आणला. तो मराठीत का रुजला, का रुजला नाही? विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 ची, तीही जहाजावरची. युरोपातून परतणारा चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा. आयबिस आणि बेडेकरांचं जहाज शेजारी ठेवा. बंद जहाजात राष्ट्रं, धर्म, वासना, भीती एकत्र कोंडल्या की कादंबरीला काय साधता येतं, ते दोन्हीकडे दिसेल. 'बनगरवाडी'तला मास्तर गावाचा नाही म्हणून आपल्याला गाव दिसतं. 'धग'मध्ये कौतिकच्या तोंडी वऱ्हाडी नसती तर तिच्या हालांची धार किती उरली असती? एकेका प्रश्नावर एकेक सत्र खर्ची पडावं.

या कामाची हत्यारंही मराठीत आहेत. कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेतला. नेमाड्यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' यांच्यापासून निघणाऱ्या तीन प्रवृत्ती मांडल्या. पटोत न पटोत, वाद घालण्यासारखी ती मांडणी आहे. गंगाधर पाटील आणि हरिश्चंद्र थोरात यांनी कथनाचा विचार मराठीत आणला. थोरातांचं 'कादंबरीविषयी' आजही कुठल्याही वर्गात बरोबर घेऊन बसावं असं आहे. पण समीक्षा कादंबरीच्या आधी वाचली की ती गाईडच होते. पहिल्यांदा कादंबरी, मग समीक्षक, हा क्रम सोडू नये.

हा तास मारला कुणी? एकाच माणसाकडे बोट दाखवता येत नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. त्याने तीनशे पानं वर्गात वाचायची कधी? सत्र छोटं, अभ्यासक्रम मोठा, त्यात अंतर्गत परीक्षा आणि प्रकल्प. एका पेपरात चार-चार कादंबऱ्या नेमल्या की एकही वाचून होत नाही, हे गणित अभ्यास मंडळांना कळत नाही असं नाही. पण यादी भरगच्च दिसली की काम झाल्यासारखं वाटतं. विद्यार्थी गावाकडून आलेला, दुपारनंतर कुठेतरी नोकरी करणारा. त्याला सारांश हाच आधार वाटला, तर त्याला दोष देणं सोपं आहे, पण रास्त नाही.

'याने नोकरी मिळेल का?' हाही प्रश्न आहे आणि तो टाळू नये. नेटचा प्रश्न सोडवायला सालं लागतात, ती पाठ कराच. पण वर्गात उभं राहून शिकवायला, वर्तमानपत्रात बातमी तपासायला, मालिकेची संहिता लिहायला, भाषांतर करायला किंवा वकिलीत एखाद्या जबानीतली मेख शोधायला 'कोण बोलतंय, कुणाच्या वतीने, काय गाळून' हे ओळखणारा माणूस लागतो. रोज फोनवर येणाऱ्या शंभर संदेशांतही हीच नजर लागते. विश्वासार्ह निवेदक कोण आणि फसवा कोण, हे ओळखण्याचा सराव कादंबरीइतका स्वस्तात दुसरीकडे कुठे होत नाही.

वाचनाची परीक्षा लढून वाचवता येते, याचं उदाहरण कोलकात्यातच आहे. बुद्धदेव बसूंनी 1956 मध्ये जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला. 2018 च्या जुलैमध्ये त्या विद्यापीठाने बंगाली, इंग्रजी, तौलनिक साहित्य यांसह सहा विषयांच्या प्रवेशपरीक्षा बंद करून केवळ बोर्डाच्या गुणांवर प्रवेश देण्याचा निर्णय घेतला. विद्यार्थी उपोषणाला बसले, शिक्षक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि काही दिवसांतच विद्यापीठाला परीक्षा परत आणाव्या लागल्या. गुणांवर माणूस मोजता येतो, वाचन मोजता येत नाही, एवढंच त्या मुलांचं म्हणणं होतं. परीक्षा व्हावी म्हणून उपाशी बसणारे विद्यार्थी! आपल्या विद्यापीठांनी यावर विचार करावा.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं. ढोल वाजले, ते वाजायलाच हवेत. पण अभिजात भाषा पुराव्यांच्या फायलींनी सिद्ध होते आणि वाचणाऱ्यांनी टिकते. लीळाचरित्रातल्या एका लीळेत सांगणारा कोण, ऐकणारा कोण, हे विचारता न येणारा पदवीधर आपण तयार करणार असू, तर त्या दर्जाचं करायचं काय?

म्हणून काही मागण्या मांडतो. त्यासाठी नवीन इमारत नको, अनुदान नको.

अभ्यास मंडळांनी कादंबरीच्या पेपरात एकच कादंबरी नेमावी आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गात व्हावी. बाकीच्या तीन पूरक वाचनात ठेवाव्यात. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवू द्यावं. कादंबरीतलं, गाईडांना ठाऊक नसलेलं एक पान द्यावं आणि विचारावं: या पानावर निवेदकाने काय केलं आहे ते दाखवा. हा प्रश्न फुटला तरी बिघडत नाही, कारण त्याचं उत्तर विकत मिळत नाही.

शिक्षकांनो, तुमच्यावरचा भार ठाऊक आहे. तरी आठवड्यातला एक तास टिपणांविना घ्या. पुस्तक उघडा, एक परिच्छेद मोठ्याने वाचा, आणि विद्यार्थ्यांना आधी बोलू द्या. चुकीचं बोलले तरी चालेल. त्या चुका पानावर परत येऊनच दुरुस्त होतात.

विद्यार्थ्यांनो, वर्गात तास मिळत नसेल तर पाच जणांनी मिळून तो करा. ग्रंथालयातून एक कादंबरी घ्या, महिनाभर तीच वाचा, आणि सारांश वाचायचाच असेल तर सर्वांत शेवटी वाचा. तोपर्यंत त्यात काय काय राहून गेलं आहे, हे तुम्हीच सांगू शकाल.

नियतकालिकांच्या संपादकांनी आठशे शब्दांच्या पुस्तक-परिचयांमधून थोडी जागा काढून वर्षातून निदान एकदा एका कादंबरीचं वीस पानांचं बारीक वाचन छापावं. कोलकात्यातल्या मराठी मंडळींना खास विनंती आहे. पुण्याहून आझाद हिंद आणि मुंबईहून गीतांजली रोज हावड्याला येते. महाराष्ट्रातल्या पाच-दहा विद्यार्थ्यांना बोलवा, गार्डन रीचचा काठ दाखवा, जादवपूरच्या मुलांशी गाठ घालून द्या, आणि दोन दिवस दोन जहाजांच्या कादंबऱ्या, एक मराठी आणि एक इंग्रजी, शेजारी ठेवून वाचू द्या.

आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणी एम.ए. करत असेल, तर या सत्रात 'किती मार्क पडले' या प्रश्नाआधी 'कुठली कादंबरी पूर्ण वाचलीस, आणि ती गोष्ट कोण सांगतं?' हे विचारा. उत्तर आलं नाही, तर त्या कॉलेजच्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या मराठी विभागाला पत्र लिहा: आमच्या मुलांना कादंबरीचा तास हवा आहे. अशी शंभर पत्रं गेली, तर पुढच्या अभ्यासक्रमाच्या बैठकीत तो विषय टाळता येणार नाही. पहिलं पत्र तुमचं असू द्या.